गावातल्या बुद्धविहारात जाऊन तिथल्या सिमेंटच्या मूर्ती नीट बघायच्या असतील तर काय काय करायचं

मराठवाड्यात बुद्ध बघायचा म्हटलं की लोक अजिंठा-वेरूळ करतात, फार तर संभाजीनगरची लेणी करतात आणि गाडी वळवून परत जातात. त्यात चूक काहीच नाही, पण याच रस्त्याला लागून जी गावं आहेत ना, त्यातल्या कितीतरी गावांत एक छोटं विहार असतं, पत्र्याचं किंवा स्लॅबचं, आणि आत एक बुद्धमूर्ती असते जी गावातल्याच नाहीतर शेजारच्या गावातल्या माणसानं घडवलेली असते. गवंडी असतो तो, किंवा बोर्ड रंगवणारा पेंटर, किंवा गणपती-बैल करणारा. त्यानं कॅलेंडरवरचा फोटो समोर ठेवून सळई, जाळी, विटा आणि सिमेंटमधून बुद्ध उभा केलेला असतो. त्या मूर्ती अजिंठ्यासारख्या दिसत नाहीत, त्या गावासारख्या दिसतात. म्हणूनच त्या बघायला मुद्दाम जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि लवकर जायला पाहिजे, ते का ते पुढं सांगते.

माझं आजोळ जालन्याकडचं. तिथल्या विहारातला बुद्ध बघतच मी मोठी झाले, रुंद खांदे, जाड मनगटं, डोळे जरा मोठे आणि पूर्ण उघडे. केसांचे कुरळे गोल करायला त्या गवंड्यानं ओल्या सिमेंटवर बाटलीचं झाकण दाबत दाबत सगळं डोकं भरलं होतं. मामा सांगायचे की तो माणूस विहिरी बांधायचा, मूर्ती त्यानं आयुष्यात ती एकच केली. कॉलेजला गेल्यावर संभाजीनगरची लेणी बघितली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले असतात!

तर आता कसं जायचं ते.

आधी दिवस ठरवा, आणि तो गावाच्या हिशोबानं ठरवा

आपल्याला रविवार सोयीचा असतो म्हणून रविवारी जाऊन थडकू नका. गाव कुठलं त्यावर सगळं आहे. बीडकडच्या किंवा त्या पट्ट्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात दिवाळीच्या आसपास गेलात तर निम्मं गाव कारखान्याला गेलेलं असतं, घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, आणि विहाराची चावी ज्याच्याकडं तो सुद्धा फडावर. ती माणसं परत येतात उन्हाळा लागता लागता. जालना-परभणीकडं कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात, तिथं संध्याकाळी सहानंतरच जायचं. मी स्वतः एकदा भर दुपारी जाऊन दोन तास कुलूपबंद दाराच्या पायरीवर बसलेली आहे, पाणी पण संपलेलं.

सगळ्यात चांगला काळ म्हणजे वर्षावास, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. बऱ्याच गावांत या दिवसांत रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं, एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, बायका शेतातून येऊन हातपाय धुवून पांढरी साडी नेसून बसतात. विहार उघडं असतं, लाइट असते, माणसं निवांत असतात. मूर्ती बघायची तर ती अशी, समोर माणसं बसलेली असताना बघावी.

बुद्ध पौर्णिमा आणि 14 एप्रिलला वातावरण जबरदस्त असतं पण मूर्ती बघायचा तो दिवस नाही. हारांखाली ती झाकलेली असते, डीजे असतो, गर्दी असते. त्या दिवशी जा ते जयंतीसाठी जा. मात्र जयंतीच्या आठ-दहा दिवस आधी गेलात तर रंगकाम चालू असलेलं सापडू शकतं, आणि तसं सापडलं तर अख्खा दिवस तिथंच काढा, ते बघायला मिळणं म्हणजे नशीब. 6 डिसेंबरच्या आजूबाजूला बरीच मंडळी चैत्यभूमीला मुंबईला गेलेली असतात हे पण लक्षात ठेवा.

गाव शोधायचं कसं

गूगल मॅपवर ही विहारं फार कमी सापडतात, आणि सापडली तरी फोटो नसतो. सोपा मार्ग म्हणजे ओळख काढायची. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, शेजारी मराठवाड्यातली माणसं असणारच, त्यांना विचारा की तुमच्या गावच्या विहारात जुनी मूर्ती आहे का, गावात कोणी केलेली. लोक आनंदानं फोटो पाठवतात. भारतीय बौद्ध महासभेची तालुक्याला माणसं असतात, बौद्धाचार्य असतात जे लग्न-नामकरण लावतात आणि त्या निमित्तानं गावोगाव फिरतात, त्यांना कुठल्या विहारात काय आहे हे तोंडपाठ असतं.

ओळख नसेलच तर तालुक्याच्या स्टँडवर उतरून विचारा. आणि विचारताना 'बुद्ध मंदिर कुठंय' असं नका विचारू, 'विहार कुठंय' असं विचारा. जुनी माणसं समाजमंदिर पण म्हणतात, कारण बऱ्याच ठिकाणी आधी समाजमंदिराची खोली होती आणि तिथंच पुढं मूर्ती बसली. गावात शिरल्यावर निळा झेंडा किंवा पाच रंगांचा पंचशील ध्वज दिसला की त्या दिशेनं चालत राहायचं. वस्तीला भीमनगर, सिद्धार्थनगर, बौद्धवाडा असं काहीतरी नाव असतं. जुनं जातीचं नाव घेऊन वस्ती विचारणारे अजूनही भेटतात, तसं चुकूनसुद्धा करू नका.

जायला एसटी आहे, पण मुक्कामी गाड्या सोडल्या तर आतल्या गावांना दिवसातून दोन-तीनच फेऱ्या असतात म्हणून परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्यायचं. काळीपिवळी असते पण ती भरल्याशिवाय हलत नाही. स्वतःची मोटारसायकल असेल तर सगळ्यात बरं.

सोबत काय न्यायचं

पांढऱ्या मेणबत्त्या, एक अगरबत्तीचा पुडा, जमलं तर पांढरी फुलं. नारळ न्यायचा नाही, हळदकुंकू नाही, नवसाचं काही नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा जुने देव आणि कर्मकांड सोडायच्या बावीस प्रतिज्ञा पण दिल्या आणि गावातल्या साध्या माणसानं त्या फार मनावर घेतलेल्या आहेत, त्यामुळं तुम्ही भक्तिभावानं नारळ फोडायला गेलात तर समोरच्याला दुखेल, तो कदाचित बोलणार नाही पण दुखेल. पाण्याची बाटली मोठी न्या, उन्हाळ्यात तर नक्कीच, टँकरवर जगणाऱ्या गावात पाहुण्यानं आधी पाणी मागणं बरं नाही. दानपेटीत टाकायला सुट्टे पैसे, एक वही, एक छोटी टॉर्च. टॉर्च कशाला ते पुढं येईल. कपडे साधे, पांढरे असले तर छानच, अंगभर असले म्हणजे झालं.

गावात पोचल्यावर

पहिला माणूस भेटेल त्याला जयभीम म्हणा. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या समाजाचे याला महत्त्व नाही, जयभीम म्हटलं की समोरचा माणूस मोकळा होतो. मग प्रश्न येणारच, "कुठून आलात, कुणाकडं आलात?" सरळ सांगायचं की विहारातली मूर्ती बघायला आलोय. थोडं आश्चर्य वाटतं लोकांना, कारण गावाबाहेरून कोणी मूर्ती *बघायला* आलेलं त्यांना आठवत नसतं. एका आज्जीनं मला विचारलं होतं, "माय, अजिंठा सोडून इकडं कामून आलीस?" मी म्हटलं आज्जी, अजिंठ्याची कोणी केली ते सांगायला तिथं कोणी नाही, इथं तुम्ही आहात. मग तिनंच चावी आणली.

चावी हा खरा टप्पा आहे. ती अध्यक्षाकडं असते, किंवा विहारासमोरच्या घरात खुंटीला असते. चावी येईपर्यंत चहा येतो. तो चहा नाही म्हणायचा नाही. गावच्या या वस्तीत पाणी पिण्याचा, चहा पिण्याचा इतिहास काय आहे ते आपल्याला माहीत आहे, तुम्ही 'नको नको आत्ताच घेतला' म्हणालात तर त्याचा अर्थ तिथं वेगळा लागू शकतो. जेवायला बसा म्हणाले तर बसा.

आत गेल्यावर आधी बसा

चप्पल बाहेर. मोबाइल खिशात. आत गेल्यावर मेणबत्ती लावायची, तीन वेळा वंदन करायचं आणि खाली बसायचं, पाय मूर्तीकडं पसरायचे नाहीत. त्रिसरण-पंचशील ही वंदना येत असेल तर म्हणा, नसेल येत तर गप्प बसलात तरी चालतं, कोणी परीक्षा घेत नाही. वंदना चालू असताना पोचलात तर मागं बसून घ्या आणि शेवटी सगळे साधू साधू साधू म्हणतात तेव्हा तुम्ही पण म्हणा. भंतेजी म्हणजे भिक्खू असतील तर त्यांच्यापेक्षा खालच्या जागेवर बसायचं, 'वंदामि भंते' म्हणायचं, आणि बायकांनी त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, समोर ठेवायचं.

पाच-दहा मिनिटं नुसतं बसल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि मूर्ती दिसायला लागते. पहिल्या मिनिटाला दिसतो तो फक्त सोनेरी ऑइल पेंट.

आता मूर्ती कशी बघायची

आधी पूर्ण आकार बघा, बसलेला आहे का उभा. हात बघा. दोन्ही हात मांडीत एकावर एक म्हणजे ध्यानमुद्रा, उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडं म्हणजे भूमिस्पर्श, तळहात पुढं म्हणजे अभय, दोन्ही हात छातीशी म्हणजे धम्मचक्र. गावातल्या मूर्ती बहुतेक ध्यानमुद्रेत मला दिसल्या आणि त्याचं कारण एका गवंड्यानं सांगितलं ते मला फार पटलं: मोकळा हात पुढं काढला की आत सळई लागते आणि काही वर्षांनी ती गंजून बोटं तडकतात, हात मांडीत ठेवला की सगळा भार खाली बसतो. म्हणजे मुद्रा निवडताना धम्म आणि सिमेंट दोन्हीचा विचार झालेला असतो.

मग चेहरा. इथं घाई करू नका. नाक, ओठ, हनुवटी बघा आणि मग बाहेर जाऊन चावी आणून देणाऱ्या माणसाकडं बघा. मी अतिशयोक्ती करत नाही, घडवणाऱ्याच्या हाताला रोज दिसणारे चेहरेच माहीत असतात आणि ते मूर्तीत उतरतात. कानाच्या पाळ्या लांब असायला पाहिजेत, डोक्यावर उंचवटा पाहिजे, भुवयांमध्ये ठिपका पाहिजे एवढं तो फोटोवरून घेतो, बाकी सगळं त्याचं असतं. चिवराच्या म्हणजे अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या बघा, काही जण त्या खुरप्याच्या टोकानं ओढतात, काही जण दोरी दाबून. एका विहारात चिवराचा काठ धोतराच्या काठासारखा रंगवलेला होता, बारीक लाल रेघ. उजवा खांदा उघडा ठेवायचा हे मात्र सगळ्यांना पक्कं माहीत असतं.

टॉर्च आता काढा, पण विचारून. मूर्तीच्या कानामागं, मानेच्या मागं, आसनाच्या कडेला जिथं रंगाचा पोपडा उडालेला असेल तिथं तिरका उजेड टाका. रंगाचे थर दिसतात, सोनेरीच्या खाली पिवळा, त्याखाली पांढरा, कधी चुन्याचा हात. दर जयंतीला एक थर धरला तर वय पण अंदाजे लागतं. हात लावून खरवडायचं नाही. बघायचं फक्त.

शेजारी बाबासाहेब असतात. निळा कोट, डाव्या हाताशी संविधान, उजव्या हाताचं बोट पुढं, खिशाला पेन. त्या पेनाकडं बघा, कितीतरी ठिकाणी ते शरीराच्या मानानं मोठं असतं. प्रमाण चुकलंय असं शिकलेली माणसं म्हणतात, मला तसं अजिबात वाटत नाही, ज्या गोष्टीनं आयुष्य बदललं ती मोठी केलीय त्यांनी. भिंतीवर चित्रं असतील, सुजाता खीर देताना, सिद्धार्थ घर सोडताना, रमाई, जोतिबा-सावित्रीबाई, आणि सुजाता बरोबर तुमच्या माझ्या मावशीसारखी लुगडं नेसलेली. दारात सिंह किंवा हत्ती असतील, अशोकस्तंभ असेल, चक्राच्या आऱ्या मोजा, चोवीस पाहिजेत, नसल्या तर गप्प राहा.

भिंतीवरची पाटी वाचल्याशिवाय बाहेर पडू नका

दारापाशी संगमरवराची नाहीतर रंगवलेली एक पाटी असते, दानदात्यांची नावं आणि पुढं आकडे. कोणाचे पाच हजार, कोणाचे एकशे एक, कोणी दोन पोती सिमेंट, कोणी एक ट्रॉली वाळू. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांची नावं. ही पाटी मला मूर्तीइतकीच महत्त्वाची वाटते आणि ते मला कळलं पितळखोऱ्याला गेल्यावर.

पितळखोरा कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात, वेरूळपासून साधारण 40 किलोमीटर. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनची लेणी आहेत, म्हणजे अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्याच काळातली. पायऱ्या उतरून घळीत जायचं. हत्तींची रांग आहे, दारावर भाले-ढाली घेतलेले द्वारपाल आहेत, आणि दानाचे लेख आहेत: पैठणच्या एका गंधी म्हणजे अत्तरवाल्या घराण्यातल्या माणसानं हा खांब दिला, एका राजवैद्यानं दान दिलं, त्याच्या घरच्यांनी दिलं. म्हणजे वर्गणीच की! आणि तिथंच सापडलेला एक यक्ष आहे, पोट सुटलेला, डोक्यावर भांडं धरलेला, मोठ्ठा हसणारा, आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. सोनारानं! दागिने घडवणाऱ्या माणसानं दगडात यक्ष केला आणि विहिरी बांधणाऱ्या माणसानं सिमेंटमध्ये बुद्ध केला, मला या दोघांत काही फरक दिसत नाही, एवढंच की कण्हदासनं नाव कोरून ठेवलं आणि आमच्या गवंड्याचं नाव पाटीवर नाही, पाटीवर फक्त पैसे देणाऱ्यांची नावं आहेत.

म्हणून वही.

काय विचारायचं, काय नाही

मूर्ती कोणी केली, तो कुठला, दुसरं काय काम करायचा, किती दिवस लागले, त्याला काय दिलं, त्या दिवसांत तो कोणाकडं जेवायचा, फोटो कुठला बघून केली, बसवली त्या दिवशी काय काय झालं. या प्रश्नांवर म्हातारी माणसं तासभर बोलतात आणि एकमेकांना दुरुस्त करत राहतात. "आरं तो नव्हं, त्याचा भाऊ." लिहून घ्या, दोन्ही बाजू लिहा. घडवणारा हयात असेल तर त्याला भेटायला जा, बहुतेक वेळा कोणीही त्याला या कामाबद्दल कधीच विचारलेलं नसतं. नाव कुठं लिहिणार असाल तर त्याला विचारून.

एक प्रश्न नक्की विचारा, आधीची मूर्ती कुठंय? कारण आता बऱ्याच विहारांत थायलंडहून आलेल्या धातूच्या किंवा फायबरच्या मूर्ती बसतायत. सुबक असतात, लोकांना आवडतात, आणि आपल्या विहारात काय बसवायचं हा हक्क पूर्ण त्यांचाच आहे, बाहेरून येऊन 'जुनीच ठेवा' असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. पण जुनी सिमेंटची मूर्ती मग मागच्या खोलीत जाते, सतरंज्या आणि लाऊडस्पीकरच्या शेजारी, किंवा झाडाखाली पारावर, आणि पाच-सात पावसाळ्यांत तिचा चेहरा झिजतो. म्हणून वर म्हटलं लवकर जा. ती दाखवायला लोक आधी संकोचतात, मागितल्यावर दाखवतात.

विचारायचं काय नाही ते पण ऐका. 'तुम्ही आधी कोण होतात' नाही, 'तुमच्यात हे चालतं का' नाही, गावात वाद आहे का हे तर नाहीच. मूर्तीभोवती लोखंडी जाळी किंवा काच का आहे हे विचारायची गरज नसते, थोडा विचार केला तर कळतं.

फोटो

शेवटी, आणि विचारून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरताच मोबाइल काढला होता आणि एक काकू नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडं, बोलल्या काही नाही. ती नजर मी विसरले नाही. परवानगी मिळाल्यावर समोरून एक, दोन्ही बाजूंनी, मागून एक, चेहरा, हात, पाय, आसन, पाटी असे काढा, फ्लॅश नको, खिडकी उघडली तर तो उजेड पुरतो. मूर्तीच्या मांडीला टेकून, पाठ करून सेल्फी नाही. लहान पोरं फोटोत यायला धावतात, त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका. गावचं नाव टाकायचं का हे पण तिथल्याच लोकांना विचारा.

दोन दिवस असतील तर असं जमवा

पहिल्या दिवशी सकाळी संभाजीनगरची लेणी, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघ्यावर बसलेल्या उपासक-उपासिकांचा घोळका आहे, माणसाच्या उंचीचा, प्रत्येकाचा केशसंभार वेगळा. देणारी, ऐकणारी साधी माणसं दगडात बसलीत. ते बघून संध्याकाळी गावातल्या विहारात वंदनेला बसा, तोच घोळका जिवंत दिसेल. उतरताना विद्यापीठाच्या गेटपाशी थांबा, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, त्यासाठी मराठवाड्यातल्या याच वस्त्यांनी घरं जळताना बघितलीत, ते माहीत असल्याशिवाय गावातली मूर्ती अर्धीच कळते. दुसऱ्या दिवशी पितळखोरा, पावसाळ्यात गेलात तर पायऱ्या निसरड्या असतात, जपून. अजिंठा जोडायचा असेल तर सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद.

निघताना दानपेटीत जमेल ते टाका. आणि घरी आल्यावर एक काम उरतं जे बहुतेक जण करत नाहीत: फोटो प्रिंट करून पाठवायचे. व्हॉट्सअपवर नाही, कागदावर, पोस्टानं किंवा कोणी जाणार असेल त्याच्या हातानं. मूर्तीचा एक विहारासाठी, आणि घडवणारा हयात असेल तर त्याचा मूर्तीशेजारी उभा असलेला एक त्याच्या घरासाठी. आजोळच्या त्या गवंड्याचा तसा फोटो कोणाकडंच नाही, मी सगळीकडं विचारून बघितलं.